नौपाड्यातली मॉरिस घ्यावी की पनवेलची फोर्ड?

प्रश्न: मी ऐरोलीला राहतो. युद्धापूर्वीची एखादी गाडी घ्यावी ही फार जुनी इच्छा, बजेट एकूण पाच लाख. सध्या दोन गाड्या समोर आहेत. ठाण्यात नौपाड्यातला एक ओळखीचा बंगला रिडेव्हलपमेंटला जातोय, त्याच्या आवारातल्या पत्र्याच्या शेडमध्ये १९३६ची मॉरिस एट टूरर (उघडी, कापडी टपाची) उभी आहे. चाळीसेक वर्षं हललेली नाही. इंजिन फिरत नाही, टप फाटलाय, रंग विटलाय पण मूळचाच वाटतो, चाकं तारांची. नंबर बीएम सीरिजचा. आरसी बुक आहे, ते वारलेल्या वडिलांच्या नावावर. मुलगा विकतोय, त्याला दोन बहिणी आहेत. सव्वातीन लाख सांगतो. दुसरी पनवेलच्या एका डीलरकडची १९३०ची फोर्ड मॉडेल ए. ताजा मरून रंग, सेल्फ मारला की चालू, इंजिन ॲम्बॅसिडरचं बसवलेलं. साडेचार लाख. घरचे म्हणतात चालू गाडी घे. मॉरिस घेतली तर आधी काय करायचं? आणि आरटीओचं काय? पावसाळ्याआधी ठरवायचं आहे.

उत्तर: मॉरिस घ्या. पण सव्वातीनला नको, आणि तिन्ही भावंडांच्या सह्या झाल्याशिवाय तर नकोच.

आधी फोर्डबद्दल, कारण घरच्यांचं म्हणणं चुकीचं नाही. फक्त ते या गाडीला लागू होत नाही. मॉडेल एचं मूळ इंजिन ३.३ लिटरचं, ४० अश्वशक्तीचं. हळू फिरणारं, पण खालच्या वेगाला भरपूर ओढ देणारं. ॲम्बॅसिडरचं १४८९ सीसीचं इंजिन त्याच्या निम्म्याहून थोडीच जास्त ओढ देतं, तीही जास्त आरपीएमला. मूळ डिफरन्शिअल तसंच ठेवलेलं असेल तर पारसिकसारख्या चढाला क्लच जळतो आणि इंजिन तापतं. ॲम्बॅसिडरचं इंजिन आणि गिअर बॉक्स बसवताना चासीचे आडवे पट्टे बहुधा कापलेले असतात, वायरिंग ६ व्होल्टचं १२ केलेलं असतं, आणि ताज्या रंगाखाली किती लांबी (पुट्टी) भरली आहे ते विकणाराही सांगू शकत नाही. सगळ्यात मोठी अडचण कागदांची. केंद्राने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद केली. तिथे अट अशी की गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी हवी, मूळ रूपात हवी, आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. परकं इंजिन टाकलेली गाडी या अटीवरच अडते. मूळ इंजिन असतं तर ब्लॉकच्या डाव्या बाजूला, पाण्याच्या इनलेटच्या वरच्या सपाट जागेवर ‘ए’ने सुरू होणारा नंबर दिसला असता, आणि तोच नंबर चासीच्या डाव्या पट्टीवर बॉडीखाली. हे जुळत नसताना साडेचार लाख देणं म्हणजे रंगाचे पैसे देणं.

मॉरिसमध्ये उलट सगळं उघड आहे. गाडी चालत नाही हे दिसतंय, म्हणून त्याची किंमत कापून मागता येते. अशी गाडी घेताना ती चालू आहे का यापेक्षा ती पूर्ण आहे का हे बघायचं. रिंगा, वॉल्व्ह, गॅस्केट, रबरी होज, पॉइंट, कंडेन्सर हे सगळं या मॉडेलसाठी आजही ब्रिटनमधून मागवता येतं. तिकडे मॉरिस रजिस्टर नावाचा जुन्या मॉरिसवाल्यांचा क्लब आहे, त्यांच्याकडून नेमकी माहितीही मिळते. जे मिळत नाही किंवा मिळालं तर रडवतं ते असं: रेडिएटरचं कवच आणि त्यावरचा बिल्ला, हेडलॅम्पच्या वाट्या आणि काचा, डॅशबोर्डावरची घड्याळं, काचेची फ्रेम, टपाच्या कमानी, बाजूचे पडदे, तारांची पाच चाकं. शेडचा कोपरा न् कोपरा, माळा, जुन्या ट्रंका, सगळं धुंडाळायला सांगा. वर्षानुवर्षं उभ्या गाडीचे भाग चोरीला जाण्याआधी घरातलेच कोणीतरी ‘नीट ठेवतात’. बंगला पाडायला आलेल्या माणसांच्या हाती ते लागायच्या आत मिळायला हवेत.

बघायला जाताना टॉर्च, लोहचुंबक, पातळ स्क्रू-ड्रायव्हर, छोटी हातोडी, प्लग पाना आणि गाडीखाली झोपायला पुठ्ठा घेऊन जा. इंजिन शेवटी बघा. आधी लाकूड.

टूररच्या पत्र्याखाली लाकडी चौकट असते आणि या गाडीत सगळ्यात जास्त मजुरी तीच खाते. दार अर्धं उघडा आणि कडीकडचं टोक दोन्ही हातांनी उचलून बघा. नुसती बिजागरी झिजली असेल तर दार बिजागरीशी खटखटतं. खांबाचं बूड कुजलं असेल तर दारासोबत अख्खा खांब पत्र्याच्या आत हलताना दिसतो, आणि खालून तपकिरी भुसा गळतो. फाटक्या टपातून पाणी खांबावरून ओघळतं आणि बुडाशी साचतं, म्हणून कूज नेहमी खालून वर चढते. पत्र्याची घडी जिथे खिळ्यांनी ठोकली आहे तिथे स्क्रू-ड्रायव्हर टोचा. गंजलेला खिळा आजूबाजूचं लाकूडही खातो. दोन्ही खांबांची बुडं आणि उंबऱ्याच्या पट्ट्या गेल्या असतील तर ते काम महिन्यांचं आहे असं धरा. टायरवरून किंवा जॅकवरून मातीच्या बारीक नळ्या वर गेलेल्या दिसल्या तर वाळवी आत आहे. लाकूड बदलायचं झालंच तर इथे सागवान चांगलं, पण सागात तेल असतं. चिकटवण्याआधी जोड थिनरने पुसून लगेच गोंद लावला नाही तर तो धरत नाही.

मग चासी. पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) जिथे चासीला लटकतात त्या जागी हातोडीने हलके वाजवत जा. ‘टण्’ आवाज आला तर ठीक, ‘थप्प’ आला तर पापुद्र्यांचा गंज. पत्र्यावर चुंबक फिरवा. जिथे धरत नाही तिथे लांबी. शेवटी बोनेटखालच्या पाटीवरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसी बुकातल्या नोंदीशी अक्षर न् अक्षर ताडून घ्या, पेन्सिलने छाप काढा. अंकांची खोली कमी-जास्त असेल, आजूबाजूला ग्राइंडरचे ओरखडे असतील तर तिथेच थांबा.

इंजिन ‘बसलंय’ असं सगळेच म्हणतात. ९१८ सीसीचं हे साइड-वॉल्व्ह इंजिन, म्हणजे वॉल्व्ह हेडमध्ये नाहीत, सिलिंडरच्या बाजूला ब्लॉकमध्ये. त्यात पुष्कळदा पिस्टन मोकळे असतात आणि वॉल्व्हच गाइडमध्ये चिकटलेले असतात. प्लग काढून आत टॉर्च मारा. भोकात लाल गंजाचं पाणी दिसलं तर रीबोअर, म्हणजे सिलिंडर लेथवर मोठे करून घेणं, धरून चाला. प्लगच्या चुडीला नुसती काजळी असेल तर आशा आहे. हेडच्या आणि ब्लॉकच्या कडेला पांढरट-हिरव्या ओघळाच्या रेषा असतील तर तडा शोधा. ओतीव ब्लॉकला साधं वेल्डिंग चालत नाही, शेजारी नवा तडा जातो. ते काम स्टिचिंगने, म्हणजे तड्यावर धातूचे टाके घालून, करावं लागतं. डिपस्टिकवर दुधट चिखल म्हणजे तेलात पाणी. कुणीही ‘टोचन लावून थर्ड गिअरमध्ये सोडू, सुटेल’ म्हणालं तर ठाम नाही म्हणा. चिकटलेला वॉल्व्ह वाकतो, अडकलेली रिंग तुटून बोअरवर खोल चरे पाडते, आणि जे काम दोन आठवड्यांच्या धीराने फुकटात झालं असतं ते लेथवर जातं.

कागद. नोंदणी वारलेल्या वडिलांच्या नावावर आहे, तेव्हा तिघंही वारस हे मालक आहेत. मुलाने एकट्याने सही केलेली पावती उद्या आरटीओत किंवा कोर्टात टिकणार नाही. मृत्यू दाखला, दोन्ही बहिणींचं नाहरकत प्रतिज्ञापत्र आणि फॉर्म ३१ भरून गाडी आधी मुलाच्या नावावर, मग फॉर्म २९ आणि ३० वर तुमच्या. त्याच्याही आधी एक पायरी आहे. इतकी जुनी नोंद बहुधा ‘वाहन’ या संगणकीय यादीत नसते. ज्या कार्यालयाने तो नंबर दिला तिथे आरसी बुक दाखवून बॅकलॉग एन्ट्री करून घ्यावी लागते. ही एन्ट्री विकणाऱ्याने करून द्यायची, असं बोलण्यातच ठरवा. पानं चिकटलेली असतील तर ओढू नका, आधी आहे त्या स्थितीत फोटो काढा. तुम्ही ऐरोलीचे, म्हणजे नवी मुंबई आरटीओ, एमएच ४३. मूळ कार्यालय वेगळं असल्याने फॉर्म २८ ची एनओसीही लागेल. तोवर इसार चेकने, सौद्याच्या रकमेच्या दहा टक्क्यांच्या आत, आणि इसारपावतीवर तिघांच्या सह्या.

विंटेज नोंदणीसाठी परिवहन पोर्टलवर फॉर्म २०, सोबत विम्याची पॉलिसी, शुल्क आणि जुनं आरसी. गाडी मूळ रूपात आहे का ते राज्याने नेमलेली समिती तपासते आणि फॉर्म २३ए चं प्रमाणपत्र मिळतं. आधीची नोंदणी असेल तर मूळ नंबर कायम राहतो, म्हणजे तुमची बीएमची पाटी तशीच राहील. ज्यांची नोंदणी नव्याने होते त्यांना ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं; पुढे ५,००० भरून ५ वर्षं वाढते. या नोंदणीवर गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. लग्नाला भाड्याने देणं तर नाहीच. हे घरी आधीच सांगून टाका, नंतरचे वाद वाचतील.

भाव. तुमच्या पाचातले सव्वादोन तरी हातात राहिले पाहिजेत. अडीचपासून बोला, पावणेतीनच्या वर जाऊ नका. खांबांची बुडं कुजलेली निघाली किंवा चाकं, लॅम्प, कमानी यातलं काही नसेल तर अडीचही जास्त आहेत. वाटाघाटीत तुमच्या बाजूने एकच गोष्ट आहे, पण ती मोठी आहे: शेड पाडायची तारीख. ती दाखवून माणसाला कोंडीत पकडू नका. ‘मी स्वतः नेतो, सगळे सुटे भाग गोळा करून नेतो, वडिलांच्या गाडीची नंबरची पाटी काढणार नाही’ हे बोलणं अशा घरांत जास्त काम करतं.

गाडी हलवण्याआधी शंभरेक फोटो काढा, विशेषतः वायर कुठून कुठे जाते त्याचे. फ्लॅटबेडच सांगा. ब्रेक शू ड्रमला धरलेले असतील तर चाक फिरणार नाही. विंचने ओढत नेऊ नका, तारांच्या चाकाचे स्पोक सुटतात. ड्रमच्या कडेला लाकडी ठोकळा ठेवून गोल फिरत हलके ठोका, सुटतात. विंचचा हूक बंपरला किंवा ट्रॅक रॉडला नाही, पाट्याच्या मागे ॲक्सलला पट्ट्याने. मुलुंड-ऐरोली पुलावरून आणा. विटाव्याच्या रेल्वे पुलाखालचे खड्डे आणि पाणी अशा गाडीला नको.

ऐरोलीत खाडीची खारट दमट हवा आहे, तेव्हा पार्किंग स्टिल्टखालचंच हवं. चारही ॲक्सल-स्टँड चासीखाली, टायर जमिनीपासून सुटलेले. प्लॅस्टिकची ताडपत्री अजिबात टाकू नका. आत वाफ धरते आणि एका पावसाळ्यात चाळीस वर्षांचा गंज चढतो. सुती कव्हर, खाली काँक्रीट, आणि लाकडाच्या भोकांत इंजेक्शनच्या सिरिंजने वाळवीचं औषध.

मग इंजिन. प्लग काढून प्रत्येक भोकात दोन चमचे एटीएफ (ऑटोमॅटिक गिअर बॉक्सचं तेल) आणि ॲसिटोन निम्मे-निम्मे ओता, भोकं कापडाच्या बोळ्यांनी बंद करा. ॲसिटोन पेट घेतं, तेव्हा बॅटरी जोडलेली नको आणि जवळ बिडी-सिगारेट नको. रोज थोडं ओतत आठवडाभर थांबा. बाजूचं कव्हर काढून वॉल्व्हच्या दांड्यांनाही तेच लावा. मग हँडल. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हँडलला वळसा घालायचा नाही. आणि हँडल खालून वर ओढायचं, वरून दाबायचं नाही. उलटा झटका बसला तर हँडल हातातून सुटून जातं, अंगठा अडकलेला असेल तर मोडतो. दोन इंच हललं की परत मागे, असं पुढे-मागे करत मोकळं करा. फिरताना कुठला वॉल्व्ह वर राहून खाली येत नाही ते बघा आणि त्यालाच तेल देत बसा. पूर्ण मोकळं झाल्यावर ऑइल संप उतरवा. तळाशी बोटभर काळा गाळ असणारच, आणि तो तसाच ठेवून नवं तेल भरलं की तोच गाळ सुटून तेलाच्या वाटा बुजवतो. मग व्हाइट मेटलची (मऊ मिश्रधातू ओतून केलेली) बेअरिंगं तेलावाचून उपाशी राहतात. ही बेअरिंगं ओतून घ्यावी लागली तर मोटारीच्या गॅरेजात विचारू नका. रबाळे, महापे, वागळे इस्टेटमध्ये पंप आणि कॉम्प्रेसरची बेअरिंगं ओतणारे लोक आहेत, त्यांना विचारा. मात्र नुसत्या शंकेवरून ओतून घेऊ नका. आधी कॉम्प्रेशन घ्या, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजा. या इंजिनाचं कॉम्प्रेशन गुणोत्तर सहाच्या आसपास, त्यामुळे आकडा आजच्या गाडीपेक्षा कमीच येईल. चारही सिलिंडरचा आकडा जवळपास सारखा यायला हवा.

या गाडीला पाण्याचा पंप नाही. गरम पाणी हलकं होऊन वर चढतं, रेडिएटरमध्ये थंड होऊन खाली येतं, एवढ्यावर सगळं चालतं. म्हणून रेडिएटरच्या नळ्या आणि ब्लॉकच्या आतला गाळ साफ असणं इथे चैन नाही. ब्लॉकच्या बाजूची झाकणं काढून मागच्या सिलिंडरभोवतीचा गंज तारेने खरवडून काढा. गाळ नेहमी तिथेच साठतो आणि तडाही तिथेच जातो.

ब्रेक लॉकहीडचे हायड्रॉलिक आहेत, १९३६च्या छोट्या गाडीला ही मोठी गोष्ट. पण चाळीस वर्षांत मास्टर सिलिंडर आणि चाकांचे सिलिंडर आतून खड्डे पडून गेलेले असतात. ते लेथवर मोठे करून स्टेनलेसचा किंवा पितळेचा स्लीव्ह बसवायचा, रबरं सगळी नवी. ही रबरं पेट्रोल-डिझेलने धुवायची सवय इथल्या मेकॅनिकना आहे. तसं केलं तर रबर फुगतं, काही दिवसांत ब्रेक धरून बसतात; ब्रेक ऑइलनेच धुवायला लावा. नळ्यांना साधं तांबं नको, ते थरथरून कडक होतं आणि तडकतं. तांबं-निकेलच्या मिश्रधातूची नळी घ्या. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. ड्रममध्ये हवेचा पाइप मारू देऊ नका, ओल्या फडक्याने पुसा.

पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्याने जुनी रबरी नळी मऊ पडते, पंपाचा पडदा आणि बुचाचा फ्लोट असेल तर त्यावरची लाख विरघळते, आणि दमट हवेतलं पाणी ओढून टाकीच्या तळाशी थर धरतो. नळ्या व्हायटॉनच्या (इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या) घाला, एसयू कार्बोरेटरला मिश्रण थोडं श्रीमंत, म्हणजे पेट्रोल जरा जास्त, ठेवा, आणि गाडी दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करा. टाकी आधीच उतरवून धुवा. पहिल्यांदा चालू करताना बाहेर टांगलेल्या छोट्या बाटलीतून पेट्रोल द्या.

वायरिंगचं कापडी आवरण दिसायला छान असलं तरी आतलं रबर भुगा झालेलं असतं. कापडी आवरणाचीच नवी वायर मिळते, ती घाला. ६ व्होल्ट ६च ठेवा. सेल्फ हळू फिरतो अशी तक्रार होते ती बहुतेक वेळा बाजारातल्या १२ व्होल्टच्या बारीक केबलमुळे. ६ व्होल्टवर करंट दुप्पट लागतो. वेल्डिंगची ५० चौरस मिलिमीटरची केबल आणि चासीचं टोक खरवडून लखलखीत केलं की फरक पडतो. बॅटरीचा कट-ऑफ स्विच पहिल्याच दिवशी.

टायर. बाजूच्या भिंतीवरचा आकडा वाचा, १७ इंची रिम असणार. मोटारसायकलचा टायर बसतोय म्हणून कोणी देईल. तो गोल माथ्याचा असतो, गाडी वळणावर कलत नाही, त्यामुळे तो कडेवर भार घेऊ शकत नाही. घेऊ नका.

आणि रंग. तो विटलेला आहे, राहू द्या. बादलीभर पाण्यात सौम्य शाम्पू, मऊ कापड, बस. प्रेशर-पंप नको, रबिंग कंपाउंड नको. मूळ रंगाचा थर पातळ असतो आणि एकदा घासला की परत येत नाही. शिवाय त्या काळच्या रंगात शिसं असतं, कोरडं घासून त्याची धूळ घरात आणू नका. गंज जिथे पत्रा खातोय तिथे तेवढ्यापुरता थांबवा. फाटलेल्या टपाच्या कापडाचा एक हातभर तुकडा जपून ठेवा, नवा टप शिवणाऱ्याला रंग, वीण आणि शिवण त्यावरूनच कळेल.

चालू झाल्यावर पहिल्या खेपेला वीस मिनिटं, जागच्या जागी. रेडिएटरचा वरचा आणि खालचा होज हात लावून बघत राहा. वरचा तापला आणि खालचा गारच राहिला तर पाणी फिरत नाही, लगेच बंद करा. पूर्ण गार झाल्यावर हेडचे नट मधून बाहेर या क्रमाने पुन्हा आवळा. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर तेल बदला, आणि ते तेल पांढऱ्या कापडातून गाळून बघा: रुपेरी चकचकीत कण दिसले तर बेअरिंगं ओतायची वेळ तेव्हा आली.